शुक्रजंतूंची परीक्षा

मराठीत ‘वांझ’ हा शब्द बाईसाठी आहे. पुरुषाला मूल नसले, तर आपण त्याला ‘निपुत्रिक’ म्हणतो. पहिल्यात दोष, दुसऱ्यात नुसते दुर्दैव! भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला हा पक्षपात नेहमीच खटकत आला आहे.

शास्त्राला तो मान्य नाही. लेव्हेनहुकने १६७७ साली सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू पाहिले. आजही वीर्याच्या साध्या तपासणीत त्यांची संख्या, हालचाल आणि आकार पाहतात. पण या तिन्ही विषयांत उत्तीर्ण झालेल्या पुरुषालाही मूल होत नाही, तेव्हा शंका येते ती शुक्रजंतूच्या डोक्यात घट्ट गुंडाळलेल्या डीएनएची. हा धागा जागोजागी तुटलेला असू शकतो. तो तपासण्याची एक रीत अमेरिकेत इव्हेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केली.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने असाच अहवाल माझ्यापुढे ठेवला. ‘३४ टक्के’ या आकड्याखाली तांबडी रेघ होती. लग्नाला सहा वर्षे झालेली; तोवर उपासतापास, औषधे, टोमणे सारे बायकोच्या वाट्याला. आता हा म्हणतो, “सर, म्हणजे मीच नापास ना?”

मी शास्त्राचा प्राध्यापक नव्हे. पण पेपर तपासणे हा माझा धंदा आहे, आणि गुणांवर किती विसंबावे हे मी जाणतो. बाकीचे एका परिचित डॉक्टरांनी समजावून दिले.

या परीक्षेचे मुख्य परीक्षक चार: स्कसा, ट्यूनेल, कॉमेट आणि हॅलो. प्रत्येकाची मोजपट्टी निराळी. एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहता येत नाही. ३० टक्क्यांची प्रचलित सीमा आहे ती स्कसाची. शिवाय ताप, धूम्रपान, वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा, इतकेच काय, नमुना देण्यापूर्वी पाळलेल्या संयमाचे दिवस, यांनीही आकडा बदलतो. नवा शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. तेवढ्या काळात तो सुधारूही शकतो. थोडीफार तूट स्त्रीबीज स्वतःच सांधून घेते. आणि गंमत अशी, की तपासलेला शुक्रजंतू तपासणीतच संपतो. स्त्रीबीजाला भेटणारा दुसराच असतो!

म्हणून ही तपासणी टाकाऊ ठरत नाही. आकडा मोठा असला, तर गर्भधारणेची शक्यता घटते आणि गर्भपाताचा धोका वाढतो, असे पुष्कळ अभ्यासांत दिसले आहे. पण अशा पुरुषांनाही मुले होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या पुस्तिकेत तिला नित्याच्या नव्हे, तर विस्तारित तपासण्यांत जागा दिली.

तेव्हा सून दवाखान्याची पायरी चढेल, त्याच दिवशी मुलानेही चढावी. आरंभ साध्या वीर्यतपासणीने करावा. वारंवार गर्भपात होत असतील, तर डीएनएच्या तपासणीविषयी विचारावे. आलेला आकडा दोघांनी मिळून डॉक्टरांसमोर समजून घ्यावा. बायकोवरचा ठपका उचलून नवऱ्यावर ठेवण्यासाठी मात्र तो वापरू नये.