शेवटचा अर्धा मिलिलिटर

युरोपला निघालेल्या द्राक्षांमध्ये फवारणीच्या औषधांचा अंश किती उरला, हे आधी तपासावे लागते. ज्या औषधाला स्वतंत्र मर्यादा नाही, त्याला तिथे किलोमागे साधारण ०.०१ मिलिग्रॅम इतकीच मुभा असते. इतका बारीक अंश यंत्राला नीट दिसावा म्हणून द्राक्षांचा अर्क आटवून घट्ट करतात. हे काम टेबलावर मावणारा नायट्रोजन इव्हॅपोरेटर करतो. दिसायला तो अगदी साधा असतो: खाली कोमट पाण्याचे भांडे, त्यात काचेच्या नळ्या आणि प्रत्येक नळीवर वायू सोडणारी एक सुई.

पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात विकसित झालेल्या पद्धतीत दहा ग्रॅम लगदा दहा मिलिलिटर इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये घुसळतात. पाणी शोषायला सोडियम सल्फेट घालतात. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर वर येणाऱ्या स्वच्छ थरातले पाच मिलिलिटर नळीत घेतले, आटवले आणि जे उरले ते एक मिलिलिटर द्रवात विरघळवले, की अर्क पाचपट घट्ट होतो.

इथाइल अ‍ॅसिटेट ७७ अंशांना उकळते, पण भांड्यातले पाणी जेमतेम ३५ अंशांवर ठेवतात. कारण इथे उकळायचे नसतेच. द्रवाच्या पृष्ठभागावर त्याच्याच वाफेचा थर साचतो आणि पुढचे बाष्पीभवन मंदावते. नायट्रोजनचा झोत तो थर सतत हटवत राहतो. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे उन्हाशिवाय नुसत्या वाऱ्यावरही वाळतात, तसेच हे. वाफ होताना द्रव स्वतः थंड पडत जातो. ती उष्णता भरून काढणे एवढेच कोमट पाण्याचे काम. साधी हवा चालत नाही. तिच्यातला ऑक्सिजन काही रेणू बिघडवतो, शिवाय कॉम्प्रेसरच्या हवेतून ओल आणि तेलाचा अंशही येऊ शकतो.

झोत किती ठेवायचा? द्रवावर छोटीशी खळी पडेल इतकाच. शिंतोडे उडू लागले तर शेजारच्या नळीत दुसऱ्याच बागेची द्राक्षे पोहोचतात. पातळी उतरेल तशी सुई खाली आणायची, पण द्रवाला टेकवायची नाही. टेकली तर ती पुढच्या नमुन्याआधी सॉल्व्हंटने धुवायलाच हवी. हे सगळे फ्यूम हूडमध्येच चालते. इथाइल अ‍ॅसिटेटची वाफ हवेपेक्षा जड आणि भडका उडवणारी. आणि बंद खोलीत साठलेला नायट्रोजन ऑक्सिजनची जागा घेतो, तेही वास न येता.

पहिले साडेचार मिलिलिटर कुणालाही आटवता येतात. कसब लागते ते शेवटच्या अर्ध्यात. सॉल्व्हंट असेपर्यंत औषधाचे रेणू त्यात सांभाळले जातात. तो संपला की झोत त्यांनाच उचलू लागतो. डायक्लोरव्हॉससारखे उडून जाणारे औषध तर कोरड्या नळीत फार टिकत नाही. म्हणून आटवण्याआधीच मिथेनॉलमध्ये मिसळलेले थोडे डायइथिलीन ग्लायकॉल घालतात. ते सहजी उडत नाही. तळाशी पातळ थर बनून राहते आणि औषधांना धरून ठेवते.

कधी एखादी नळी आटतच नाही. इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये थोडे पाणी विरघळते. सोडियम सल्फेट कमी पडले असेल तर शेवटी पाण्याचा थेंब उरतो आणि तो हटता हटत नाही. अशा वेळी तापमान वाढवायचा मोह होतो. तो टाळावा, कारण पाणी जाईपर्यंत जे जायला नको ते आधी निघून जाते. नमुना पुन्हा काढणे परवडते.

नळी बाहेर काढली की लगेच विरघळवण्याचा द्रव घालायचा. तो काचेच्या भिंतीवरून फिरवत घालून नळी व्हॉर्टेक्सवर नीट हलवायची, कारण पातळी उतरताना बराचसा ऐवज भिंतीला चिकटलेला असतो.

हे सारे जमले की नाही ते रिकव्हरी सांगते. औषध नसलेल्या द्राक्षांच्या लगद्यात ठरावीक मात्रा मुद्दाम मिसळायची, नेहमीच्याच पद्धतीने काढायची आणि किती परत मिळाली ते पाहायचे. सर्वसाधारणपणे सरासरी ७० ते १२० टक्क्यांत असावी लागते. सगळीच औषधे सारखी कमी आली तर भिंत नीट धुतली गेली नाही किंवा आकारमान चुकले, असा संशय घ्यावा. फक्त डायक्लोरव्हॉस आणि त्याच्यासारखी उडणारी मंडळीच कमी पडली, तर नळी झोताखाली गरजेपेक्षा जास्त वेळ राहिली होती.