दोन कोळी, एकच नाव

उसाला मधमाशी लागत नाही, मग आपल्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे काही सभासद विचारतील. पण उसाबरोबर सूर्यफूल, कांद्याचे बी, डाळिंब घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि फुलोऱ्यात मधपेट्या आणून ठेवणारेही आहेत. त्यांनी तरी हे वाचावे.

पेटीत मुख्यतः दोन माश्या पाळतात. एक आपली सातेरी, दुसरी परदेशातून आणलेली मेलीफेरा. मेलीफेराच्या पेटीत कधी कधी तांबूस-तपकिरी, चपटा, टाचणीच्या डोक्याएवढा जीव माशीच्या अंगाला चिकटलेला दिसतो. तो व्हरोआ कोळी. आठ पायांचा, म्हणजे वांग्यावरच्या लाल कोळ्याचा आणि गुरांच्या गोचिडीचा भाऊबंद.

१९०४ साली औडेमन्स या डच शास्त्रज्ञाने जावा बेटावरच्या नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले. नमुने याकोबसन नावाच्या गृहस्थांनी पाठविले होते, म्हणून नाव पडले व्हरोआ जेकबसोनी. (व्हरोआ हे व्हॅरो या रोमन पंडितावरून. त्याने शेतीवर ग्रंथ लिहिला, त्यात मधमाश्याही आहेत.) नमुने ज्या माशीवर मिळाले, ती आपल्या सातेरीच्याच जातीची.

पुढे हा कोळी सातेरीच्या जातीवरून मेलीफेरावर गेला आणि देशोदेशी पसरला. अमेरिकेत १९८७ साली सापडला. पेट्यांमागून पेट्या बसल्या. सगळीकडे नाव मात्र तेच, जेकबसोनी.

आता गंमत पाहा. ज्या जावातून नाव आले, तिथला मूळ कोळी मेलीफेराच्या पेटीत शिरे, पण तिथे वंश वाढवीत नसे! पापुआ न्यू गिनीतही तेच. एकच कोळी एका मुलखात पेट्या बसवतो आणि दुसऱ्या मुलखात वांझ राहतो, हे कसे?

ऑस्ट्रेलियातले अँडरसन आणि ट्रूमन यांनी ठिकठिकाणचे कोळी जमवून पुन्हा मोजले, त्यांच्या जनुकांचा एक तुकडाही ताडून पाहिला. २००० साली त्यांनी जाहीर केले की हे एक नव्हे, निदान दोन आहेत. जावाकडच्या कोळ्याची मादी सुमारे १.०६ मिलिमीटर लांब, १.५१ रुंद. दुसऱ्याची १.१७ लांब, १.७१ रुंद, म्हणजे अंगाने मोठी आणि खेकड्यासारखी जास्त आडवी. मूळ नमुने जावाचे, म्हणून जुने नाव तिथल्या कोळ्याकडेच राहिले. जगभर पेट्या बसविणाऱ्याला नवे नाव मिळाले, व्हरोआ डिस्ट्रक्टर. विध्वंसक! नाव शोभते.

को ७४० चे प्रयोग को ८६०३२ च्या नावावर लिहून ठेवावेत, तसे हे झाले होते. म्हणून २००० पूर्वीच्या पुस्तकात मेलीफेरावरचा ‘जेकबसोनी’ दिसला, तर बहुतेक ठिकाणी तो डिस्ट्रक्टर समजावा. आणि जावाचा कोळीही कायम गरीब राहिला नाही. २००८ मध्ये पापुआ न्यू गिनीत तो मेलीफेरावर वंश वाढवताना सापडला.

डिस्ट्रक्टरची मादी घर बंद होण्याच्या थोडे आधी अळीच्या घरात शिरते आणि आत अंडी घालते. पहिले नराचे, नंतरची माद्यांची. नर घराबाहेर येतच नाही, आतच मरतो. सातेरीच्या पोळ्यात हा कोळी बहुधा नरमाश्यांच्या घरांतच वाढतो, शिवाय सातेरी एकमेकींचे अंग साफ करतात. मेलीफेराच्या पोळ्यात तो कामकरी माश्यांच्या घरांतही वाढतो. खरा घात तिथे होतो.

पेटीत कीटकनाशक मारू नका, माशीच मरेल. आधी कोळी मोजा. त्याला आपल्या घरचीच वस्तू लागते, पिठीसाखर. अळ्यांच्या चौकटीवरच्या अर्धा कप, म्हणजे सुमारे ३०० माश्या, राणी नाही ना हे पाहून बरणीत घ्याव्यात. तोंडाला जाळी बसवावी, दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी हळूहळू फिरवावी. दोन-तीन मिनिटांनी ती पांढऱ्या कागदावर उपडी धरून हलवली की साखरेबरोबर कोळी खाली पडतात. कागदावर थोडे पाणी शिंपडले की साखर विरघळते, कोळी उरतात. नऊ निघाले तर शेकडा तीन झाले. माश्या पेटीत परत सोडाव्यात, साखर त्या एकमेकींच्या अंगावरून चाटून घेतात. आकडा वहीत लिहून ठेवावा आणि पेटीवाल्याला दाखवावा. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथेही विचारता येते.