आपल्या पायाखालची माती : बागेसाठी आणि घरासाठी



जुलै आला की शाळाशाळांत वृक्षारोपण होते. मुले हौसेने पाणी घालतात. आणि पुढच्या वर्षी बऱ्याचदा त्याच खड्ड्यांत पुन्हा नवी रोपे लावायची वेळ येते. आमच्या शाळेतही तेच झाले. मैदान मुरमाड, म्हणून खड्डे खोदून त्यात बाहेरून आणलेली छान काळी माती भरली होती. तरी बरीचशी रोपे गेली. एका मुलीने विचारले, "सर, काळी माती तर सगळ्यात सुपीक ना? मग झाडं का मेली?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचे उत्तर शोधताना लक्षात आले, की याच उत्तरात आपल्या घरांच्या भिंतींना जाणाऱ्या तड्यांचे कारणही आहे.

एकच खडक, मातीची दोन रूपे

छत्रपती संभाजीनगरचा परिसर काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा खडक तयार झाला. वेरूळचे कैलास लेणे याच खडकात वरून खाली कोरलेले आहे.

हा खडक अर्धवट झिजला की मुरूम होतो. पूर्ण झिजून, वाहून सखल भागात साचला की काळी माती होते. म्हणून डोंगराच्या उतारावर हातभर खोदले की मुरूम लागतो आणि नदी-नाल्याकाठी पुरुषभर खोदले तरी काळीच माती निघते. एकाच शहरातल्या दोन कॉलन्यांत जमीन वेगळी असते ती यामुळे.

काळी माती फुगते, मग आकसते

काळ्या मातीत अतिशय बारीक चिकणकण असतात. ते पापडासारखे एकावर एक रचलेले असतात. पाणी मिळाले की ते या थरांच्या मधे शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी उडाले की माती आकसते, जमिनीला भेगा पडतात. मे महिन्यात शेतातल्या भेगेत हात जातो, हे आपण सगळ्यांनीच पाहिले आहे.

आता आमच्या खड्ड्यांकडे या. आजूबाजूला कठीण मुरूम आणि मधे निव्वळ काळी माती. पावसाळ्यात खड्ड्याची जणू बादली झाली. पाणी खाली झिरपेना, मुळे कुजली. जी रोपे वाचली, त्यांच्याभोवतीची माती उन्हाळ्यात आकसून खड्ड्याच्या कडेपासून सुटली आणि मुळे उघडी पडून वाळली. म्हणजे माती वाईट नव्हती, आम्ही ती चुकीच्या पद्धतीने वापरली होती.

बागेसाठी काय करावे?

- खड्डा एक फूट खोदून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच असेल, तर निचरा कमी आहे. तळाचा मुरूम पहारीने फोडून सैल करा.
- खड्ड्यात निव्वळ काळी माती नको. काळी माती, खोदलेला बारीक मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळून भरा.
- जमीन भारी काळी असेल तर भाजीपाला गादीवाफ्यावर घ्या. ओल्या चिखलात कुदळ घालू नका, वाफसा येऊ द्या.
- मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसली तर चुनखडी आहे. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. तिथे चुलीतली राख टाकू नका, शेणखत वाढवा.

घर बांधताना

हीच माती पायाखाली असेल तर काय होईल? पावसाळ्यात घराच्या कडेची माती भिजून फुगते, मधली कोरडीच राहते. उन्हाळ्यात कडेची आधी आकसते. घर सगळीकडून सारखे वरखाली होत नाही, म्हणून भिंतीला तडे जातात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका जाणारा आणि ऋतूनुसार कमी-जास्त रुंद होणारा तडा दिसला, तर आधी जमिनीवर संशय घ्या. नुसते पुट्टी भरून तो थांबत नाही.

म्हणूनच जुने गवंडी "मुरूम लागेपर्यंत खोदा" म्हणतात. जोत्यातही काळी माती न भरता मुरूम भरून, पाणी मारून, धुमसून घेतात. काळी माती फार खोल असेल तर अभियंत्याच्या सल्ल्याने तळाशी फुगीर असलेले खांब खोलवर घेतात. घराभोवती पाणी साचू न देणे आणि गळकी पाइपलाइन लगेच दुरुस्त करणे, हे तर प्रत्येकाला जमते.

आपल्या भाषेत शेताला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणतात. जुन्या माळवदांवर पांढरी मातीच घालत. त्यामुळे घर थंड राही. पण गळती थांबवायला थरावर थर चढत गेले आणि वजन वाढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि ही जड छपरे कोसळून हजारो माणसे गेली. माती ओळखणे म्हणजे तिचे गुण आणि तिचे ओझे, दोन्ही ओळखणे.

वर्गात करून पाहा

माती पूर्ण वाळवून, कुटून बारीक चाळणीने चाळा. दोन मोजपात्रांत प्रत्येकी १० ग्रॅम घ्या. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल १०० मिलिलिटरपर्यंत भरा. (रॉकेल शिक्षकांनीच हाताळावे.) काडीने ढवळून हवा काढा आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. समजा रॉकेलमधली माती १० मिलिलिटरवर आणि पाण्यातली १६ वर थांबली, तर फुगवटा ६० टक्के. ५० टक्क्यांच्या वर गेला तर पाया घेताना जपायला हवे. मातीच्या प्रयोगशाळेतही साधारण अशीच चाचणी करतात. वर्गातल्या प्रयोगावर पाया ठरवू नका, पण अभियंत्याला काय विचारायचे ते त्यातून नक्की कळेल.

मुलांना आपापल्या घराजवळची मूठभर माती आणायला सांगा. प्रत्येक पुडीवर कॉलनीचे नाव लिहा आणि निकाल फळ्यावर मांडा. शहराचा मातीचा नकाशा मुलेच तयार करतील. आणि पालकहो, प्लॉट घेताना रस्ता, पाणी, भाव विचारता, तसे एकदा हेही विचारा, "इथे मुरूम किती खाली लागतो?"

यंदा आम्ही खड्डे मिश्रणाने भरले आहेत. "माती तर सगळ्यात सुपीक ना?" असे विचारणारी ती मुलगी आता दर सोमवारी खड्ड्याची कड सुटली का, ते पाहून येते.