बागेला हवा असलेला अंदाज

ऑक्टोबरच्या मध्यावर निफाड, दिंडोरी किंवा तासगावच्या द्राक्षबागायतदाराचं ‘उद्या पाऊस आहे का’ एवढं विचारून भागत नाही. गोडी छाटणी होऊन पंधरा-वीस दिवस झालेले असतात, कोवळ्या फुटीत घड दिसू लागलेले असतात आणि त्याचे प्रश्न फार नेमके असतात. पाऊस आलाच तर रात्री येणार की दुपारी? रात्री येऊन पानं सकाळी दहापर्यंत ओली राहिली, तर डाऊनीची बुरशी आलीच म्हणून समजा. तीच सर दुपारी पडली, मागून वारं सुटलं आणि पानं तासाभरात वाळली, तर धोका पुष्कळच कमी. पाऊस नसेल तर दव आहे का? आभाळ सलग चार दिवस भरून राहिलं तर घड जिरतील का? आणि आज ब्लोअर लावायचा, तर औषध पानात मुरायला काही तास कोरडे मिळतील का?

वर्तमानपत्रातल्या चौकटीत कमाल, किमान आणि ढगाचं एक चित्र असतं. शहरातल्या माणसाला छत्री घ्यायची की नाही, एवढं ठरवायला ते पुरतं. बागेचं त्याने काहीच होत नाही, मग ती बाग वीस एकरांची असो की गच्चीवरच्या वीस कुंड्यांची. बागेच्या प्रत्येक प्रश्नाचा पत्ता वेगळा आहे आणि तो ठाऊक असला की ‘अंदाज चुकला’ ही तक्रार बरीच कमी होते.

पहिला पत्ता अर्थातच भारतीय हवामान विभागाचा. १८७५ साली स्थापन झालेल्या या विभागाचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या वास्तूला पुणेकर अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, पण १९३२ मध्ये सुरू झालेली कृषी हवामान शाखा पुण्यातच राहिली. १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी वेगळं हवामानवृत्त सुरू झालं. आज त्याच परंपरेतली कृषी हवामान सल्ला पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. राहुरी, दापोली, परभणी आणि अकोला या चारही कृषी विद्यापीठांचे तज्ज्ञ त्यात आपापल्या भागातल्या पिकांपुरता सल्ला जोडतात. ‘मेघदूत’ या मोबाइल अॅपवर ती मराठीत वाचता येते.

ही पत्रिका बागवाल्यांनी वाचायलाच हवी, असं मला ठामपणे वाटतं, कारण तिच्यात पावसाखेरीज इतर गोष्टीही असतात. पुढच्या पाच दिवसांची सकाळची आणि दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि दिशा, कमाल-किमान तापमान आणि आभाळ किती झाकलेलं असेल, हे सगळं त्यात येतं. आभाळ आठ हिश्शांत मोजतात. शून्य म्हणजे निरभ्र, आठ म्हणजे पूर्ण झाकोळ. सकाळची आर्द्रता नव्वदीच्या वर, वारा पडलेला आणि आभाळाचे सहा-सात हिस्से ढगाने भरलेले, असे तीन आकडे ओळीने दिसले की पावसाचा रकाना कोरा असला तरी द्राक्षवाला सावध होतो. कोकणात हापूसला मोहोर फुटत असताना दापोली-रत्नागिरीचा बागायतदारही हेच आकडे पाहतो. ढगाळ, दमट हवेत मोहोरावर तुडतुडे आणि भुरी दोन्ही वाढतात आणि फवारणीचं वेळापत्रक त्यावर हलतं.

हवामान विभागाची भाषा मात्र समजून घ्यावी लागते. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ असं म्हटलं म्हणजे पाऊस थोडा पडणार, असं अनेकांना वाटतं. तुरळक हा शब्द पावसाच्या जोराबद्दल नाही, जागेबद्दल आहे. त्या भागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी फार तर चौथा हिस्सा केंद्रांवर पाऊस नोंदला जाईल, एवढाच त्याचा अर्थ. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत. जोर वेगळा सांगितला जातो. २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, त्यापुढे मुसळधार. तेव्हा ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ या वाक्यात विसंगती काहीच नाही. चारांपैकी तीन बागा कोरड्या राहतील आणि चौथीत बांध फुटेल, असाही तो दिवस असू शकतो. आणखी एक: हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. सोमवारी पहाटे पडलेला पाऊस म्हणूनच रविवार सकाळपासूनच्या चोवीस तासांत मोजला जातो.

अडचण आहे ती जागेची. सातारा जिल्ह्याचंच पाहा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून वीसेक किलोमीटरवर पाचगणीत तो कितीतरी कमी होतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. महाबळेश्वरचा स्ट्रॉबेरीवाला आणि म्हसवडचा डाळिंबवाला यांना ‘सातारा जिल्हा’ म्हणून एकच अंदाज देऊन कोणाचंच काम होत नाही. विभागाला हे माहीत आहे. म्हणून जिल्ह्यानंतर तालुक्याचा अंदाज आला आणि ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरचाही. मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ कामाला लागली. तिच्या गणिती जाळीचा एकेक चौकोन सहा किलोमीटरचा आहे, आधी तो बारा किलोमीटरचा होता. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर सहा किलोमीटरांत डोंगर आणि दरी दोन्ही येऊन जातात हे खरं, पण निम्म्यावर आलेला चौकोन ही बागायतदाराच्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे.

फोनवर येणाऱ्या परदेशी अॅपांचा वापर द्राक्षपट्ट्यात आता इतका मुरला आहे की पारावरच्या गप्पांत ‘विंडी काय म्हणतंय’ हा प्रश्न सहज येतो. विंडी हे झेक प्रजासत्ताकात बनलेलं अॅप. त्याची खरी उपयुक्तता अशी, की ते एकाच ठिकाणासाठी वेगवेगळ्या मॉडेलांचे अंदाज शेजारीशेजारी दाखवतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळजण पाच अॅप उघडतात, पाचांवर पाऊस दिसला की ‘आता नक्की’ म्हणतात. ते पाच साक्षीदार नसतात. बहुतेक अॅपांच्या मागे मोजकी मॉडेलं असतात. युरोपीय केंद्राचं एक, अमेरिकेचं जीएफएस हे दुसरं, क्वचित जर्मनीचं तिसरं. चार अॅपांनी एकाच मॉडेलचं बोट धरलेलं असेल, तर त्यांचं एकमत म्हणजे एकच मत. उलट युरोपीय आणि अमेरिकी मॉडेलं शुक्रवारच्या पावसावर जुळली, तर तो अंदाज मनावर घ्यावा. एक २ मिलिमीटर म्हणतंय आणि दुसरं ४०, तर दोघांचा मध्य काढून २१ धरू नये. हवा अजून ठरलेली नाही, एवढंच त्यातून कळतं आणि फवारणीचा निर्णय एक दिवस पुढे ढकलता येतो. दहाव्या-पंधराव्या दिवसाचा जो आकडा ही अॅप दाखवतात, त्यावर छाटणीची तारीख ठरवणं मला धोक्याचं वाटतं. पाच दिवसांपलीकडे विश्वास झपाट्याने कमी होतो.

थंडीचा हिशेब आणखी वेगळा. जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा आला की निफाडचा पारा बातमीत येतो. त्या रात्री बागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात, ठिबक किंवा पाटाचं पाणी सोडतात, म्हणजे मुळांजवळची ऊब टिकते आणि फुगवणीच्या मण्यांना तडे जाण्याचा धोका कमी होतो. पण केंद्रावरचं तापमान आणि बागेतलं तापमान एक नसतं. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, उघड्या मैदानात असतो. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते आणि तिच्या लगतची हवा पेटीतल्या हवेपेक्षा थंड होते.

कृषी हवामान शाखेचे पहिले प्रमुख एल. ए. रामदास यांनी या बाबतीत जगाला चकित केलं होतं. सगळ्यात थंड हवा अगदी जमिनीला टेकलेली असणार, असंच तोवर धरून चालत. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी १९३२ मध्ये मोजून दाखवलं की अशा रात्री सगळ्यात थंड थर जमिनीच्या किंचित वर, वीतभर ते हातभर उंचीवर असतो. सुरुवातीला यावर सहजी कोणी विश्वास ठेवेना. पुढे इतरांनीही तेच मोजलं आणि त्या थराला रामदासांचं नाव मिळालं. रोपवाटिकेतली रोपं, टोमॅटोची कोवळी लागवड, अंगणातल्या कुंड्या नेमक्या याच उंचीवर असतात. अंदाजात आठ अंश लिहिलेलं असताना पानं करपलेली दिसतात, त्यात अंदाजाचा दोष नसतो.

शहरात तर एकाच गावात अनेक हवामानं असतात. हिवाळ्यात पुण्याचं म्हणून जे किमान तापमान छापून येतं ते शिवाजीनगरचं. त्याच पहाटे पाषाण किंवा एनडीए परिसरात पारा त्याहून खाली असतो आणि मगरपट्टा, कोरेगाव पार्कसारख्या दाट वस्तीत बराच वर. दोन टोकांतला फरक पाच-सहा अंशांपर्यंत जातो. पाषाणच्या बागवाल्याने जास्वंद आणि अडेनियम आडोशाला घ्यायचे त्या रात्री मगरपट्ट्यातल्या बाल्कनीत काहीच करावं लागत नाही.

गच्चीवरच्या बागेत पावसाच्या आकड्याचाही असाच घोळ होतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकराला साधारण चार हजार लिटर. शेतात दहा मिलिमीटर पडला की एकरी चाळीस हजार लिटर पाणी मिळालं, ठिबक दोन दिवस बंद ठेवता येतं. पण बारा इंची कुंडीचं तोंड एवढंसं. त्याच दहा मिलिमीटरांत तिच्यात पाऊण लिटरही पाणी पडत नाही, आणि वरचा मोगरा दाट असेल तर त्यातलंही बरंचसं पानांवरून कुंडीबाहेर ओघळतं. भिंतीच्या आडोशाची कुंडी कोरडीच राहते. जुलैत भर पावसात कुंडीतलं रोप सुकलं म्हणून लोक कीड शोधतात, तेव्हा आधी बोट मातीत खुपसून पाहावं. सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा एखादा डबा मोकळ्या जागी ठेवून सकाळी साडेआठला पट्टीने त्यातलं पाणी मोजलं, तर आपला स्वतःचा पर्जन्यमापक तयार होतो. तशी वही वर्षभर ठेवली की जवळच्या केंद्रापेक्षा आपल्याकडे नेहमी किती कमी-जास्त पडतो, याचा अंदाज येतो. पुढे बातमीतला आकडा वाचताना ती दुरुस्ती आपोआप होते.

जवळचं केंद्र हा आता दूरचा विषय राहिलेला नाही. ‘महावेध’ प्रकल्पात राज्याच्या महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली गेली, दोन हजारांहून अधिक. पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा त्यांवर नोंदला जातो. मोठे द्राक्ष बागायतदार त्याही पुढे गेले आहेत. बागेतच छोटं केंद्र बसवून पान किती तास ओलं राहिलं हे मोजणारा सेन्सर वेलीत टांगतात. तो आकडा मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या हवामानाधारित सल्ल्याशी ताडून पाहिला, की आज फवारणी टाळली तरी चालेल, हे धीराने ठरवता येतं. टळलेली फवारणी म्हणजे वाचलेला खर्च आणि मण्यावर राहिलेला कमी विषांश. युरोपात द्राक्ष पाठवणाऱ्याला दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची.

पंचांगातल्या नक्षत्रांवर आणि त्यांच्या वाहनांवर गावाकडे आजही बोलणं निघतं. मृग, आर्द्रा, हस्त ही नावं हंगामाचा क्रम लक्षात ठेवायला फार सोयीची आहेत, पेरणीचं आणि लागवडीचं वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या त्यांवर चाललं. परवा दुपारी फवारू की नको, हे मात्र त्यातून ठरवू नये.

एका गोष्टीची खंत लिहायलाच हवी. पंचायतीपर्यंत अंदाज पोचला, पण आकडा आणि बाग यांच्या मध्ये बसून ‘म्हणजे आता काय करायचं’ हे सांगणारी माणसं कमी झाली. कृषी विज्ञान केंद्रांत उभी राहिलेली जिल्हा कृषी हवामान केंद्रं २०२४ मध्ये बंद झाली. तिथले तरुण तज्ज्ञ तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत होते, फोन उचलत होते. ‘आर्द्रता ९२ टक्के’ या ओळीचा अर्थ डाळिंबाला वेगळा आणि कांद्याच्या रोपाला वेगळा असतो. हे काम अॅपवर सोडून देण्यासारखं नाही. ही केंद्रं पुन्हा सुरू व्हायला हवीत.

गारपिटीपुढे यातले बहुतेक पत्ते अपुरे पडतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट राज्यातला कोणताही फळबागायतदार विसरलेला नाही. गारांची शक्यता दोन-चार दिवस आधी विभागवार कळते, पण कोणत्या शिवारावर त्या पडतील हे डॉपलर रडारवर ढग उभा राहिल्यावरच दिसतं आणि हातात दोन-तीन तास उरतात. हवामान विभाग दर तीन तासांनी तातडीचा इशारा काढतो तो यासाठीच. विजांसाठी ‘दामिनी’ अॅप आहे, ते मजुरांना बागेतून वेळेत बाहेर काढायला खरोखर कामी येतं. पण तीन तासांत एकरभर द्राक्ष झाकता येत नाहीत. म्हणून मांडवावर आधीच गारपीटरोधक जाळी किंवा प्लास्टिकचं आच्छादन चढवण्याकडे नाशिक-सांगलीचे बागायतदार वळत आहेत. खर्च इतका मोठा, की अनुदानाशिवाय लहान बागायतदाराला तो पेलत नाही.