सगळीकडे तेच 65 मिलिमीटर

26 जुलै 2005 म्हटलं की आजही एकच आकडा तोंडात येतो: 944 मिलिमीटर. सांताक्रूझला 27 तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या 24 तासांत भरलेला पाऊस. कुलाब्यात तेवढ्याच वेळात जेमतेम 73. एका शहरात ही तफावत, तर अख्ख्या राज्याला एकच मोजपट्टी कशी पुरणार, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

महसुली हिशेबात मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यात जुलैतल्या तेवढ्या पावसाने कुणी भातलावणही थांबवत नाही. मराठवाड्यातल्या परांड्यात सप्टेंबरअखेर तेवढाच कोसळला तर काळ्या रानातलं पाणी हलत नाही, शिवारात पाय घालता येत नाही आणि काढणीला आलेल्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटतात.

जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात 594 मिलिमीटर भरले. तिथला विक्रमच तो, हंगामाचा साधारण दहावा हिस्सा. मराठवाड्याची हंगामी सरासरी साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे तिथे 65 हाही दहावाच हिस्सा. पण म्हणून टक्केवारीवर विसंबू नये. मुळात त्या काळाची सरासरीच तुटपुंजी असली, की उन्हाळ्यातला एखादा वळीवही तिच्या पाचपट दिसतो. विचारायचं ते हे: त्या गावी, त्या पंधरवड्यात, असा पाऊस किती वर्षांतून एकदा होतो?

एप्रिल 2023 मध्ये राज्य सरकारने ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती धरली. सलग पाच दिवस रोज किमान 10 मिलिमीटर आणि त्या काळातल्या मागच्या दहा वर्षांच्या सरासरीच्या दीडपट, असा निकष. निदान स्थानिक सरासरी कागदावर आली! दहा वर्षं मात्र तोकडी. त्यात दोन अतिपावसाची वर्षं आली तरी गणित बिघडतं. हवामान विभाग पन्नास वर्षं धरतो, तरी देशाच्या मोसमी पावसाची सरासरी 89 सेंटिमीटरवरून 87 वर सरकलीच.

सप्टेंबर 2025 मध्ये सीनेच्या पुरानं सोलापूर-धाराशिवकडची रानं मातीसकट खरवडून नेली. असा पाऊस तिथे किती दुर्मीळ, हे शोधता येतं: अनेक तालुक्यांच्या शंभरेक वर्षांच्या पावसाच्या नोंदी हवामान विभागाकडे आहेत. त्यांवरून तालुक्या-तालुक्याची, पंधरवड्यागणिक अतिवृष्टीची वेगळी मर्यादा सरकारने पुढच्या खरिपाआधी ठरवावी.