मेनिन्जायटिसचा धोका कोणाला?

सदाशिव पेठेतल्या एका खोलीत स्पर्धा परीक्षेची पाच-सहा मुले 'कॉट बेसिस'वर राहतात. खिडकी एक, पाण्याची बाटलीही बहुधा एकच. मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या मेनिंगोकोकस जंतूला अशीच जागा मानवते. साधारण दहातल्या एकाच्या नाका-घशात हा जंतू निमूट राहतो. त्याला काही होत नाही, शेजारच्या कॉटवरच्याला होऊ शकते. खोलीत सिगारेटचा धूर असेल तर धोका आणखी वाढतो. हज यात्रेकरूंना याची लस सक्तीची आहे, ती गर्दीमुळेच.

गंमत म्हणजे, मेनिंगोकोकसची एक लस पुण्यातच बनते. सीरम इन्स्टिट्यूटची 'मेनअफ्रिव्हॅक' डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून दिली जाऊ लागली आणि आफ्रिकेतल्या 'ए' प्रकारच्या साथी थांबल्या. भारताच्या नियमित लसीकरणात मात्र मेनिंगोकोकसची लस नाही. हिब आणि न्यूमोकोकसच्या लशी आहेत. बाळाचे ते डोस चुकवू नयेत.

पण धोका फक्त गर्दीतूनच येतो असे नाही. 'कान लहानपणापासूनच वाहतो' म्हणत त्यात कोमट तेल घालत राहिले, तर जंतू हाड पोखरत मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. डोक्याला मार लागल्यावर नाकातून पाणी ठिबकत असेल, तर ती सर्दी नसेलही. कवटीला तडा जाऊन मेंदूभोवतीचे पाणी बाहेर येत असते आणि त्याच वाटेने जंतू आत जातात. हेल्मेटवर वाद घालणाऱ्या पुणेकरांना हे सहसा कोणी सांगत नाही. प्लीहा काढलेले, सिकलसेलचे, एचआयव्हीचे रुग्ण, अनियंत्रित मधुमेह, दारूचे व्यसन, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे, या सगळ्यांची प्रतिकारशक्ती उणी पडते.

क्षयाचा मेनिन्जायटिस मात्र दबक्या पावलाने येतो. आठवडाभर, कधी त्याहून जास्त दिवस बारीक ताप, चिडचिड, मग उलट्या आणि झापड. घरात आजोबांना क्षयाचा खोकला असेल, तर नातवाची तपासणी आणि प्रतिबंधक गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. बीसीजी लहान मुलांना याच गंभीर प्रकारापासून वाचवते.

ताप, तीव्र डोकेदुखी, आखडलेली मान, गुंगी किंवा अंगावर जांभळे ठिपके दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मेनिंगोकोकसचे निदान झाले तर खोलीतल्या बाकी मुलांनाही, शक्यतो २४ तासांत, प्रतिजैविक द्यावे लागते.