कमान पावलाची, आधार कुणाचा?

मुलाचा ओला पाय फरशीवर सबंध उमटला की घरात काळजी सुरू होते. पाय सपाट आहे, खास बूट लागतील, उद्या सैन्यभरतीत अडचण येईल. तळव्याची कमान नाजूक असते आणि तिला खालून टेकू दिला नाही तर ती खचते, असे या काळजीत गृहीत धरलेले असते. पावलाची रचना मात्र वेगळेच सांगते: दबणे हे या कमानीचे कामच आहे.

एका पावलात 26 हाडे आणि तीसहून अधिक सांधे असतात. नडगीवरून येणारा भार आधी घोट्यातल्या टेलस या हाडावर पडतो. या हाडाला एकही स्नायू जोडलेला नाही. शेजारच्या हाडांचा आकार आणि अस्थिबंध यांनीच ते जागेवर राहते. तिथून भार टाचेकडे आणि चवड्याकडे वाटला जातो. धावताना कमान किंचित दबते, तळव्यातले तंतू ताणले जातात आणि पाऊल उचलताना ती ऊर्जा बरीचशी परत मिळते. केर, अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी 1987मध्ये हे मोजून दाखवले. 2016च्या एका प्रयोगात बुटात टेकू घालून कमानीला दबूच दिले नाही, तेव्हा सपाटीवर धावण्याचा ऊर्जाखर्च वाढला. चालताना मात्र फारसा फरक दिसला नाही.

इतके दबणारे पाऊल शरीर पुढे ढकलताना ताठ कसे होते? 1954मध्ये हिक्स यांनी एक कारण दाखवले. टाच उचलली की बोटे वर वळतात, तळव्याचा जाड पडदा ताणला जातो, टाच आणि चवडा जवळ ओढले जातात आणि कमान उंचावते. दुसरे कारण मधुसूदन वेंकटेशन, महेश बंदी, श्रेयस मांद्रे आणि सहकाऱ्यांनी 2020मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. पावलाला आडवीही एक कमान असते आणि ताठपणाचा 40 टक्क्यांहून अधिक वाटा तिचा असतो. सपाट पत्रा सहज वाकतो, पन्हळीचा वाकत नाही, तसेच हे. म्हणजे उभी कमान बसकी दिसली तरी पाऊल दुबळेच असेल, असे म्हणता येत नाही.

मग बुटांनी निदान कमान घडते तरी का? राव आणि जोसेफ यांनी भारतातल्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासून 1992मध्ये निष्कर्ष मांडले. पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पायांचे प्रमाण 8.6 टक्के होते, अनवाणी वावरणाऱ्यांत 2.8 टक्के. बूट घालणारी मुले सुखवस्तू आणि वजनदार असतील, फरक त्याचा असेल, हा आक्षेप रास्त आहे. अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण पादत्राणे वापरणाऱ्यांतही बंद बूटवाल्यांत प्रमाण जास्त आणि चपला-सँडलवाल्यांत कमी होते. बुटांनी कमान घडत असती तर हा क्रम उलटा दिसला असता. शिवाय लहानग्यांचा तळवा चरबीच्या गादीमुळे सपाटच दिसतो आणि कमान वाढत्या वयात हळूहळू उमटते.

याचा अर्थ सगळ्यांनी चपला फेकून द्याव्यात असा नाही. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्या माणसाला अनवाणी चालताना झालेली जखम कळतही नाही. त्याला योग्य पादत्राण हवेच. ताठर, दुखणारा किंवा मोठेपणी एकाएकी सपाट होऊ लागलेला पायही डॉक्टरांना दाखवायला हवा. पण हे आजारांवरचे उपाय आहेत, निरोगी पावलाचे नियम नव्हेत. मूल चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान दिसत असेल आणि पाय दुखत नसेल, तर खास बुटांची घाई नको. ठशाच्या आकारापेक्षा पाऊल किती हलते आणि दुखते का, हे आधी बघावे.